डब्यावरची कृती सोडून द्या, पूड मात्र चांगली आहे

वनस्पतिजन्य जिलेटिन म्हणून डब्यात विकली जाणारी, जेली गोठवायची ही पूड घ्यावी की नाही, एवढंच ज्यांना हवंय त्यांना आधीच सांगून टाकते. फळांच्या रसाची साच्यातली जेली करायची असेल, वनस्पतींच्या दुधाचं सुरीने कापता येईल असं पुडिंग करायचं असेल, फळांवर चकचकीत पातळ थर चढवायचा असेल, तर डोळे मिटून विकत घ्या. मार्शमॅलो करायचेत, हलकं फेसाळ मूस करायचंय, किंवा जिभेवर ठेवल्या ठेवल्या विरघळणारी जेलीच हवी असा हट्ट आहे, तर हिच्या नादी लागू नका. आणि घेतलीत तरी डब्यामागची कृती पाळू नका. पूड ज्याने बनवली तो माणूस हुशार आहे. कृती ज्याने लिहिली त्याने ती पूड बहुधा कधी शिजवलेली नाही.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. हेच मिश्रण वेगवेगळ्या वेष्टनांत विकलं जातं, आणि मी जे सांगणार आहे ते घटकांची यादी जुळली की कुठल्याही डब्याला लागू पडेल.

माझं उभं आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलं. लिटरला १५ ग्रॅम अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं, मग ५० अंशांपर्यंत निवलं की पेट्री डिशमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या ताटलीत, ओतायचं, हे माझे हात झोपेतही करतील. त्यामुळे भाची व्हीगन झाली, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच खाईनाशी झाली, आणि "मावशी, तू तर जन्मभर जेल्याच ओतल्यास, मला एक करून दे की" म्हणाली, तेव्हा नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. फरक इतकाच की तिथे ओतलेलं कोणी खात नसे. निदान माणसं तरी.

आता डबा. पुढच्या बाजूला जिलेटिन हा शब्द भला मोठा, त्याच्या डोक्यावर वनस्पतिजन्य. मागे, भिंग लागेल अशा अक्षरांत घटक: माल्टोडेक्स्ट्रिन, कॅराजीनन, लोकस्ट बीन गम, पोटॅशियम क्लोराईड. चारच नावं, पण ही यादी समजली की निम्मा स्वयंपाक झाला म्हणून समजा, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

कॅराजीनन लाल समुद्री शेवाळातून काढतात. त्याचे व्यवहारात तीन प्रकार: कप्पा, आयोटा आणि लॅम्डा. कप्पा घट्ट गोठतो पण ठिसूळ असतो, आणि पोटॅशियम मिळालं की आणखी घट्ट होतो. आयोटाला कॅल्शियम लागतं आणि तो मऊ, लवचीक गोठतो. लॅम्डा गोठतच नाही, नुसता दाटपणा देतो. डब्यावर कुठला प्रकार ते लिहिलेलं नाही, पण सोबत पोटॅशियम क्लोराईड घातलंय त्या अर्थी कामाचा गडी कप्पाच. लोकस्ट बीन गम हा कॅरोबच्या झाडाच्या बियांमधला डिंक. एकटा असला तर हाही गोठत नाही. पण कप्पाच्या जोडीला आला की कप्पाचा ठिसूळपणा जातो, जेली दाबली तर परत वर येते, आणि दुसऱ्या दिवशी तिला पाणी सुटत नाही. ही जोडी अन्नउद्योगात जुनी आणि पक्की आहे. माल्टोडेक्स्ट्रिन फक्त भरती. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही, कारण निव्वळ कॅराजीनन घरच्या चमच्याने मोजायला गेलं तर चिमटीभर इकडेतिकडे झालं तरी जेलीचं रबर होतं. भरतीमुळे मोजणं सोपं होतं आणि पूड पाण्यात सुटीही होते.

थोडक्यात, डब्यात जिलेटिनसारखं रसायनदृष्ट्या काहीच नाही. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजनपासून केलेलं प्रथिन. इथे आहेत त्या लांब साखळ्यांच्या शर्करा. दोघांच्या गोठण्याची तऱ्हाच निराळी. तरीही कृती लिहिणाऱ्याने जिलेटिनच्या पाकिटावरची कृती जशीच्या तशी उतरवली आहे: पूड थंड पाण्यात पाच मिनिटं भिजवा, वरून गरम पाणी ओता, विरघळेपर्यंत ढवळा, फ्रिजमध्ये चार तास ठेवा. शिवाय एक ओळ अशी की जितकं जिलेटिन घेता तितकीच ही घ्या.

तसं केल्यावर काय होतं? भिजवलेली पूड फुगते, वरून ओतलेल्या पाण्याचं तापमान भांड्यात पडेपर्यंत उतरतं, आणि लोकस्ट बीन गम पूर्ण उलगडायला जे ८०-८५ अंश लागतात ते कधी मिळतच नाहीत. वर पातळ सरबत आणि तळाशी रवाळ चिकट थर असा प्रकार हाती येतो. फ्रिजमध्ये चार तास काय, चार दिवस ठेवलं तरी तो सुधारत नाही, कारण जे विरघळलंच नाही ते गोठणार कुठून? दुकानात परत द्यायला निघालेल्या कित्येकांचा डबा असाच वाया गेला असणार.

"तितकीच घ्या" ही ओळही पोकळ आहे. मुळात जिलेटिनच सगळं सारख्या ताकदीचं नसतं. त्याची ताकद ब्लूम या आकड्यात मोजतात. ऑस्कर ब्लूम यांनी १९२५ मध्ये त्यासाठी यंत्राचं पेटंट घेतलं होतं. ठरावीक पद्धतीने गोठवलेल्या जिलेटिनमध्ये अर्धा इंच व्यासाचा दट्ट्या ४ मिलिमीटर आत ढकलायला किती ग्रॅम वजन लागतं, तो हा आकडा. बाजारात ५० पासून ३०० पर्यंतचं जिलेटिन असतं. मग "तितकीच" म्हणजे कुठल्या जिलेटिनइतकी? मला विचाराल तर ५०० मिलिलिटर द्रवाला ६ ग्रॅम पूड, साच्यातून काढून उभी राहील अशी जेली. वाटीतच चमच्याने खायची असेल तर ४ ग्रॅम भरपूर. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, मग पूड घ्या.

आता मी कशी करते ते. पूड आणि साखर कोरड्याच एकत्र करायच्या, म्हणजे पुडीचे कण एकमेकांपासून लांब राहतात आणि गुठळी होत नाही. साखर खूप असेल तर तिच्यातली निम्मीच यात घ्यायची, बाकीची नंतर, कारण जास्त साखर पाणी आपल्याकडे ओढून घेते आणि डिंक उलगडायला पाणी कमी पडतं. हे मिश्रण थंड पाण्यात शिंपडत, फेटणीने हलवत जायचं. मग मध्यम आचेवर ठेवून सतत ढवळायचं. सुरुवातीला पाणी दुधट दिसतं. ७० अंशांच्या पुढे ते खिरीसारखं जड होतं आणि मग एकाएकी सैल होऊन नितळ होतं. तिथे हात आखडायचा नाही. उकळी येऊ द्यायची, दोन मिनिटं रटरटू द्यायचं, आणि मगच गॅस बंद.

यानंतर घाई. जिलेटिनवाल्यांना ही सवय नसते. जिलेटिन फ्रिजमध्ये शिरल्याशिवाय हलत नाही, ही पूड मात्र माझ्या थर्मामीटरवर ५० अंशांच्या आसपासच धरायला लागते. म्हणजे पातेल्याला हात लावला तर चटका बसतो आणि आत जेली व्हायला सुरुवात झालेली असते. साचे आधी मांडून, फळं चिरून, गाळणी हाताशी ठेवूनच गॅस पेटवावा. फोन आला तर वाजू द्यावा.

फळांचा रस घालताना दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, रस फ्रिजमधून काढून थेट ओतायचा नाही. गरम द्रावणात थंडगार रस पडला की जिथे पडला तिथेच कण्या धरतात आणि जेली रवाळ दिसते. रस खोलीच्या तापमानाला आणावा किंवा किंचित कोमट करावा. दुसरी, आंबट काहीही गॅसवर असताना घालायचं नाही. आम्ल आणि उकळी एकत्र आली की कॅराजीननच्या साखळ्या तुटतात. लिंबाचा रस पाण्यासोबत उकळला तर तितकीच पूड घेऊनही जेली ढिली होते, आणि लोक म्हणतात पूडच भेसळीची. गॅस बंद करून, बुडबुडे बसल्यावर रस घातला तर हीच जेली ताठ उभी राहते. मी ३०० मिलिलिटर पाण्यात ५०० साठीची सगळी पूड उकळते आणि वरून २०० मिलिलिटर रस घालते. रसाची चवही त्याने ताजी राहते, शिजल्यासारखी लागत नाही.

आणि इथे ही पूड जिलेटिनला चीत करते. ताजं अननस, किवी, कच्ची पपई, अंजीर, आलं, यांच्यात प्रथिनं पचवणारी विकरं असतात: अननसात ब्रोमेलेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन, पपईत पपेन. ताज्या अननसाचे तुकडे जिलेटिनमध्ये घातले तर ते जन्मात गोठत नाही, कारण विकरं त्या प्रथिनाचे तुकडे करत बसतात. म्हणून पाककृतींमध्ये डब्यातलं अननस सांगितलेलं असतं. डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने विकरं मेलेली असतात. आपली पूड प्रथिनच नाही, त्यामुळे ब्रोमेलेनला इथे चावायला काही नाही. ताजं अननस, ताजी किवी, किसलेलं आलं, सगळं कच्चंच घाला. भाचीसाठी म्हणून सुरू केलं खरं, पण आता व्हीगन नसलेले पाहुणे आले तरी मी याच पुडीची करते, निव्वळ कच्च्या अननसासाठी.

प्रयोगशाळेतल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिनच वापरत. त्यात दोन डोकेदुख्या होत्या: ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ते वितळायचं, आणि काही जंतू ते पचवून त्याचं पाणी करायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेली आणि पुडिंगला अगर वापरत. त्यांनी ते सुचवलं आणि प्रश्न सुटला. कॉख यांनी १८८२ च्या क्षयाच्या जंतूवरच्या लेखात अगरचा उल्लेख केला, पण हेस नवराबायकोचं नाव घेतलं नाही. मला याचा अजून राग येतो. जगातली प्रत्येक पेट्री डिश एका बाईच्या पुडिंगवर उभी आहे, आणि आम्हाला शिकवताना कोणी ते सांगितलं नव्हतं.

मग अगर असताना ही पूड कशाला, हा रास्त प्रश्न आहे. मी दोन्हीची जेली एकाच रसाची, एकाच दिवशी, सारख्या साच्यांत करून शेजारी शेजारी ठेवली. अगरची सुरीने कापली की काचेसारखी धार येते, चमच्याने दाबली की तडकते. ही पूड दबते, परत वर येते, ताटली हलवली की थरथरते. तोंडात अगर चुरचुरत फुटतो, ही मऊ चावली जाते. रात्रभर झाकून ठेवल्यावर अगरच्या खाली पाण्याचं तळं झालं होतं, हिच्या खाली ताटली कोरडी. दिसायला ही अगरपेक्षा थोडी स्वच्छ, पण पाण्यासारखी पारदर्शक नाही. लोकस्ट बीन गममुळे किंचित धुकट झाक राहते. फुलं किंवा फळांच्या चकत्या आत लटकलेल्या दिसाव्यात अशी हौस असेल त्यांनी हे लक्षात घ्यावं. उलट अगरची एक बाजू सांगायलाच हवी: तो ४० अंशांच्या खाली आल्याशिवाय धरत नाही, त्यामुळे हातात वेळ जास्त मिळतो, आणि एकदा गोठला की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. बर्फीसारखे घट्ट चौकोन कापायचे असतील तर अजूनही अगरच. थरथर हवी असेल तर ही.

थर देणाऱ्यांसाठी एक सूचना. खालचा थर पूर्ण गोठून थंड झाला की वरचा त्याला चिकटत नाही, आणि कापताना दोन्ही एकमेकांवरून घसरून वेगळे होतात. खालच्या थरावर साय धरली आहे, बोट लावलं तर चिकट लागतंय, अशा वेळी दुसरा थर गरम असतानाच, डावाच्या पाठीवरून हळू सोडायचा. उशीर झालाच तर खालच्या थरावर काट्याने हलके ओरखडे काढावेत.

दुधाच्या पुडिंगबद्दल डब्यावर फक्त "दूधही चालेल" एवढंच आहे. कुठलं दूध? गाईम्हशीच्या दुधातल्या केसीन या प्रथिनाशी कॅराजीननचं विशेष सख्य आहे, त्यामुळे तिथे अगदी थोडंसं पुरतं. वनस्पतींच्या दुधात केसीन नाही, म्हणून पाण्याइतकीच पूड लागते. बदामाच्या आणि ओटच्या दुधाचं पुडिंग सरळ, कुरकुर न करता होतं. सोयाचं दूध घेताना त्यात कॅल्शियम मिसळलं आहे का ते पाहा. कॅल्शियम असलेल्या दुधाचं माझं पुडिंग जास्त कडक आणि कमी थरथरणारं झालं, मग मी पूड पाव हिश्शाने कमी केली आणि ते जमलं. सोयाच्या दुधात आंबट फळ घालण्याच्या फंदात पडू नका, ते फाटतं. दुकानातल्या बऱ्याच तयार दुधांत आधीच जेलन किंवा ग्वार गम असा दाटपणा देणारा डिंक असतो, त्यामुळे पहिल्या खेपेला ५ ग्रॅमनेच सुरुवात करावी.

नारळाचं दूध मात्र खास. त्यातली चरबी वर येऊ पाहते आणि ही पूड तिला आहे त्या जागी पकडते. कधी पकडायची ते आपल्या हातात. उकळल्यावर लगेच साच्यात ओतलं तर वर पांढरा दाट थर आणि खाली नितळ, असे दोन थर आपोआप होतात. एकजीव हवं असेल तर पातेल्यातच हलवत, ५५-६० अंशांपर्यंत आणून, दाट होऊ लागलं की पटकन ओतायचं. दोन्ही चांगले लागतात. मला दोन थरांचं जास्त आवडतं, कारण त्यात कष्ट नाहीत आणि कौतुक दुप्पट होतं.

साच्यातून काढणं हा एक सुखद भाग. जिलेटिनचा साचा गरम पाण्यात बुडवायचा, मग कडा वितळून नक्षी बिघडायची, हा जाच इथे नाही. कडेला बोटाने हलकं दाबून आत हवा शिरू दिली की जेली सुटते. टेबलावर तासभर ठेवली तरी बसत नाही. जिलेटिन ३० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. हिला त्याचं काही वाटत नाही, फ्रिज नसला तरी ही ओट्यावर गोठते. कुठे घेऊन जायची असेल तर हा गुण सोन्यासारखा.

तोच गुण तोंडात गेल्यावर दोष होतो. जिलेटिन शरीराच्या उष्णतेला वितळतं, त्यामुळे चव एकदम जिभेवर पसरते. ही वितळत नाही, चावावी लागते, आणि चव चावेल तितकीच सुटते. म्हणून साखर, लिंबू, वेलदोडा, जे काही घालता ते गरम द्रावणात चाखून थोडं चढंच ठेवा. ज्यांनी लहानपणापासून जिलेटिनची जेली खाल्ली आहे त्यांना हा फरक पहिल्या घासाला कळेल. भाचीच्या नवऱ्याने खाल्ली, मान डोलावली आणि "छान आहे, पण जेली नाही," म्हणाला. त्याचं चुकलं नाही.

न वितळण्याची आणखी एक बाजू आहे, आणि डब्यावर तिचा उल्लेख हवा होता. छोट्या कपातली, एका दमात चोखून घ्यायची जेली घशात अडकू शकते, आणि अडकली तर ती वितळून सुटत नाही. युरोपीय संघाने २००४ मध्ये अशा छोट्या कपांतल्या जेलींमध्ये कॅराजीनन, अगर, लोकस्ट बीन गम आणि त्यांच्यासारख्या इतर डिंकांचा वापर थांबवला, त्यामागे हेच कारण होतं. त्याआधी कोंजॅकवर, म्हणजे सुरणाच्याच कुळातल्या एका कंदाच्या पिठावर, तशीच बंदी आली होती. घरी पसरट ताटलीत करून, बारीक तुकडे करून चमच्याने दिली तर चिंता नाही. लहान मुलांसाठी गोल गुळगुळीत छोटे साचे मात्र वापरू नका.

कॅराजीनन म्हटलं की कोणीतरी "ते आतड्यांना वाईट ना?" विचारतंच. त्या भीतीच्या मुळाशी बरंचसं पॉलिजीनन आहे, म्हणजे कॅराजीनन तीव्र आम्लात बराच वेळ तापवून तोडलेला वेगळा पदार्थ. तो खाण्यात घालायला परवानगी नाही. खाण्याच्या कॅराजीननसाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ७५ मिलिग्रॅम अशी तात्पुरती मर्यादा ठेवली आणि आणखी माहिती मागवली. ६० किलोच्या माणसाला हे साडेचार ग्रॅम होतात. माझ्या ५०० मिलिलिटरच्या जेलीत ६ ग्रॅम पूड, तीही भरतीसकट, आणि खाणारे पाच जण. ज्यांच्या पोटाला आधीच आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी हिशेब करावा आणि खावी.

जिथे ही पूड साफ हरते ते म्हणजे फेस. जिलेटिन प्रथिन असल्यामुळे फेटलं की हवा धरून ठेवतं, मार्शमॅलोचं सगळं रहस्य तेच. ही पूड हवा धरत नाही. मग फेसासाठी काबुली चण्याचं शिजवलेलं पाणी घ्यावं लागतं. ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं हे २०१४-१५ च्या सुमारास व्हीगन मंडळींत पसरलं आणि त्याला अ‍ॅक्वाफाबा हे नाव पडलं. फेस उत्तम होतो. पण त्यात गरम द्रावण ओतायला गेलं की फेसाच्या गारव्याने ते वाटेतच गोठतं, आणि मूसमध्ये रबरासारखे धागे सापडतात. डब्याच्या झाकणावर मात्र मार्शमॅलोचं चित्र आहे! कारखान्यात मोठ्या यंत्रांवर ते जमत असेल, घरच्या फेटणीने नाही. या कामाला अगर बरा, कारण तो सावकाश धरतो.

फ्रीझरमध्येही ठेवू नका. कप्पाची जेली गोठून वितळली की तिचं पाणी वेगळं होतं आणि मागे चोथा राहतो. फ्रिजमध्ये तीन दिवस मजेत राहते, फक्त झाकून ठेवा, नाहीतर वरची बाजू वाळून चिवट होते.

वास फारसा नाही. नुसत्या पाण्यात उकळून हुंगली तर समुद्राची पुसटशी चाहूल लागते, रस किंवा व्हॅनिला पडला की ती जाते. डब्याचं झाकण मात्र सैल आहे आणि पूड ओल पटकन ओढते. मी आणल्याबरोबर काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवते.

आणि जेली बिघडली तर फेकू नका. फार कडक झाली असेल तर तुकडे करून थोडं पाणी घालून परत उकळा, सैल झाली असेल तर चमचाभर साखरेत मिसळलेली आणखी १-२ ग्रॅम पूड घालून उकळा. पुन्हा तशीच गोठते. फक्त आंबट जेलीला हे चालत नाही. ती दुसऱ्यांदा उकळली की आणखी ढिली होते, तेव्हा ती ग्लासात घालून फेटून सरबत म्हणून द्यावी. बुडाशी थोडी दाट लागते, पण आजवर कोणी तक्रार केलेली नाही.